गणेश चवथीच्या आदल्या दिवशी नाडी ३९ : हेपॅटायटिस सी च्या गोळ्या, अमिओडारोन आणि एका केसचा सगळा हिशेब

पेशंट ६३ वर्षांचे, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, खाणी जोरात होत्या तेव्हा स्वतःचा टिप्पर (खाणीतला माल वाहणारा ट्रक) चालवायचे, २०१२ ला खाणी बंद पडल्यावर तो विकला आणि आता थोडी बागायत बघतात. नाव-गाव सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्यात, आपण नुसतं काका म्हणूया. माझी डिचोली बाजारात फार्मसी आहे आणि काकांच्या हार्टच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडूनच जातात. काका आणि त्यांचा मुलगा दोघांनीही लिही म्हटलं म्हणून लिहितोय.

आधी पार्श्वभूमी. काकांना अधूनमधून एट्रियल फिब्रिलेशन व्हायचं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि ठोके कसेही वेडेवाकडे पडतात, त्यासाठी म्हापशाच्या एका खाजगी कार्डिओलॉजिस्टकडे ट्रीटमेंट चालू होती. ठोक्यांचा रिदम ताळ्यावर ठेवणाऱ्या अमिओडारोन २०० ची एक गोळी, सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी. प्रेशर आणि ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉल ५० रोज (ही बीटा ब्लॉकर गटातली). आणि गुठळी होऊ नये म्हणून एसिट्रॉम, त्याचं आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी) महिन्याला. वर्षाहून जास्त हेच चालू होतं आणि सगळं छान सेट झालेलं, तीन महिन्यांपूर्वीच्या ईसीजीत ठोके मिनिटाला ६२, एकदम सरळ रिदम.

मग हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, त्याआधीच्या रुटीन तपासणीत हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह निघाला. घरात एकदम स्मशानशांतता, काकी तर ताटवाटी वेगळी करायला निघालेल्या (काही गरज नाही हो, हा व्हायरस रक्तातून पसरतो, एका ताटात जेवल्याने नाही). कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येतो, १९८६ ला टिप्परचा ॲक्सिडेंट होऊन मांडीचं हाड मोडलं होतं तेव्हा रक्त चढवलं होतं आणि हा व्हायरस सापडलाच मुळी १९८९ ला, त्यामुळे त्या काळी रक्ताची त्यासाठी तपासणी व्हायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या टेस्टमध्ये आरएनए पॉझिटिव्ह आला, म्हणजे व्हायरस अजून अंगात जिवंत. लिव्हर मात्र बरं होतं, प्लेटलेट १ लाख ८० हजार, सिरॉसिस (लिव्हर खराब होऊन कडक पडणं) नाही.

आता हेपॅटायटिस सी ची ट्रीटमेंट सरकारकडून फुकट मिळते, २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून. सिरॉसिस नसलेल्याला सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटासविर ६०, रोज एकेक गोळी, १२ आठवडे, बस. शंभरात नव्वदच्या वर लोक कायमचे बरे होतात. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेऊन महिनोन्महिने ताप आणि केस गळती सोसणाऱ्यांना विचारा, मग या गोळ्यांची किंमत कळेल. हे आधीच सांगतोय कारण पुढचं वाचून कुणी असल्या गोळ्या नकोच म्हणून मोकळा होऊ नये.

गडबड कुठे झाली ती ऐका. सेंटरवर काकांना विचारलं, आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत? काका म्हणाले, एक प्रेशरची आणि एक रक्त पातळ करायची. दोन्ही खरं. अमिओडारोन त्यांनी सांगितलीच नाही, का तर त्यांच्या डोक्यात ती "रोजची" गोळी नव्हतीच, आठवड्यातून दोन दिवस सुट्टी असलेली गोळी आणि ते गेले होते सोमवारी सकाळी, म्हणजे शनि-रवि खाल्लेली नाही आणि त्या दिवशीची अजून घ्यायची होती! कार्डिओलॉजिस्टची फाईल घरी कपाटात. तिकडे कार्डिओलॉजिस्टला हेपॅटायटिसचं ठाऊक नाही कारण पुढची अपॉइंटमेंट दीड महिन्याने. आणि फुकटच्या गोळ्या सरकारी खिडकीतून मिळाल्यामुळे ती चिठ्ठी माझ्या काउंटरवर आलीच नाही. तीन जागी तीन माणसं आपापलं काम नीट करतायत आणि सगळ्या गोळ्या एका कागदावर मात्र कुठेच नाहीत. मला या केसमधला खरा आजार हाच वाटतो, बाकी सगळी लक्षणं.

चवथीच्या दोन दिवस आधी सकाळी पेज जेवून काकांनी नव्या गोळ्यांचा पहिला डोस घेतला. रात्री नेहमीपेक्षा लवकर झोपले, दमलो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी माटोळी (गणपतीच्या वर लाकडी चौकटीला बांधतात ती फळा-पानांची आरास) बांधायचं काम, काका स्टुलावर उभे, मुलगा खालून एकेक वस्तू देतोय, नारळ झाले, सुपारीचं शिपटं झालं, कवंडळं झाली, तोरंजन वर उचललं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाहीत, लाकडी चौकटीला धरून राहिले, मुलाने खाली बसवलं. कपाळावर गार घाम. घरात जे बोलतात तेच बोलले सगळे, दुपारी नीट जेवला नाहीत, उकाडा आहे, बाजाराची धावपळ झाली. घरच्या मशीनवर प्रेशर बघितलं, १०४ आणि ६२. जरा कमी आहे, मीठ-साखरेचं पाणी द्या.

मुलगा माझ्याकडे आला ओआरएसची पाकिटं घ्यायला. बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, मीही गडबडीतच होतो, त्याने मोबाईलवर मशीनचा फोटो दाखवला की प्रेशर एवढं आहे, ओआरएस चालेल ना. आता त्या मशीनच्या स्क्रीनवर तीन आकडे असतात, वर दोन मोठे आणि सगळ्यात खाली बारका, शेजारी हृदयाचं चित्र. त्या तिसऱ्या आकड्याकडे कुण्णी बघत नाही, वर्षानुवर्षं मशीन वापरणारेही नाही. तिथे होतं ३९.

मेटोप्रोलॉल घेणाऱ्या माणसाची नाडी ५५ दिसली तर मला काही वाटत नाही, पण घाम आणि अंधारी आलेल्या माणसाला ३९? त्याला विचारलं नवीन काय चालू केलं का, तर म्हणे हो, कालपासून काविळीच्या व्हायरसच्या गोळ्या. नाव आठवेना, घरी फोन लावून काकींना डबीवरचं एकेक अक्षर वाचायला लावलं. सोफोसबुविर म्हटल्यावर बाकी काही विचारायची गरजच नव्हती.

२०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने, यावर जाहीर इशारा दिला होता. सोफोसबुविर असलेली हेपॅटायटिस सी ची ट्रीटमेंट आणि सोबत अमिओडारोन घेणाऱ्या नऊ जणांचे रिपोर्ट त्यांच्याकडे आले होते, ठोके भयंकर मंदावलेले, एक जण कार्डियाक ॲरेस्टने गेला आणि तिघांना पेसमेकर बसवावा लागला. बहुतेकांना हे पहिल्या २४ तासांतच झालं, बाकीच्यांना बारा दिवसांच्या आत. तेव्हापासून सूचना अशी की शक्यतो हे दोन एकत्र द्यायचेच नाहीत, दुसरा मार्गच नसेल तर पहिले ४८ तास हॉस्पिटलात मॉनिटरवर ठेवायचं आणि पुढे निदान दोन आठवडे रोज नाडी मोजायची. सोबत बीटा ब्लॉकर असेल, मूळचा हार्टचा आजार असेल किंवा लिव्हर फार खराब असेल तर धोका आणखी वाढतो. काकांना यातली पहिली दोन लागू होती.

पुढचं भराभर सांगतो. हेल्थ सेंटरवर ईसीजी काढला, ३८, सायनस ब्रॅडिकार्डिया, म्हणजे रिदम सरळ पण ठोके फार मंद, मध्ये एकदोन ठिकाणी जंक्शनल बीट (नेहमीच्या जागेऐवजी हृदयाच्या मधल्या भागातून निघालेला ठोका), क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय परत सज्ज व्हायला लागणारा वेळ, जरा लांबलेला (अमिओडारोनवर असतोच थोडा). ठोके वाढवणारं ॲट्रोपिन दिलं, ४४ पर्यंत गेले आणि परत खाली. १०८ बोलावून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. तिथे मॉनिटर, काही तास आयसोप्रिनालिनची ड्रिप (तेही ठोके वाढवणारंच), टेम्पररी पेसिंगची, म्हणजे यंत्राने तात्पुरते ठोके द्यायची, तयारी उशाशी, पण वापरावी लागली नाही. अमिओडारोन, मेटोप्रोलॉल आणि हेपॅटायटिसच्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या. तिसऱ्या दिवशी ठोके ५८. चवथ वॉर्डात गेली, घरची आरती व्हिडिओ कॉलवर, नर्सने आवाज कमी करा सांगितलं तेव्हा काका म्हणे तिला उलट म्हणाले की माझे ठोके वाढतायत ते बघ की!

आता गुन्हेगार कोण हे ठरवणं, आणि खरी मजा इथे आहे. ठोके मंद व्हायची कारणं ढीगभर असतात. पोटॅशियम ४.४, ठीक. ट्रोपोनिन निगेटिव्ह, म्हणजे अटॅक नाही. क्रिएटिनिन १, म्हणजे किडनी ठीक. इको छान. थायरॉइड बघायलाच हवं होतं कारण अमिओडारोनमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आयोडीन असतं आणि वर्षभर घेणाऱ्याचं थायरॉइड मंदावू शकतं, मंदावलेलं थायरॉइड ठोकेही मंदावतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, थायरॉइड मंदावलं की हा वाढतो) आला ६.१, किंचित जास्त, पण एवढ्याशा टीएसएचने माणूस एका दिवसात ६२ वरून ३८ वर येत नाही. अमिओडारोन आणि मेटोप्रोलॉल दोन्ही ठोके कमीच करतात हे खरं पण ती जोडी वर्षभर गुण्यागोविंदाने नांदत होती. राहिली एक शक्यता, एट्रियल फिब्रिलेशनवाल्यांचा सायनस नोडच, म्हणजे जिथून ठोका सुरू होतो ती जागाच, कधीकधी मुळात कमजोर असतो, तसं असेल तर नवीन गोळी नुसतं निमित्त. ती अजूनही शंभर टक्के खोडून काढता येत नाही, पण नंतर केलेल्या २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) एकही मोठा पॉज, म्हणजे ठोक्यांतला खंड, नव्हता.

अशा वेळी, त्रास औषधानेच झाला का हे ठरवायला, नारांजो स्केल म्हणून १९८१ पासून वापरात असलेली एक प्रश्नावली असते, दहा प्रश्न, प्रत्येकाला मार्क, ९ आणि वर म्हणजे नक्की, ५ ते ८ म्हणजे बहुधा, १ ते ४ म्हणजे शक्य. मी काकांचं गणित बसून मांडलं. असे रिपोर्ट आधी आहेत, १. औषध घेतल्यानंतर झालं, २. थांबवल्यावर सुधारलं, १. ईसीजीचा पुरावा आहे, १. झाले ५. आता प्रश्न येतो, दुसऱ्या कशाने हे होऊ शकलं असतं का? हो म्हटलं तर एक वजा, नाही म्हटलं तर दोन जमा. अमिओडारोन आणि मेटोप्रोलॉल ही "दुसरी कारणं" धरली तर ४, शक्य. नाही धरली तर ७, बहुधा. एका उत्तरावर तीन मार्कांचा फरक! मला विचाराल तर इथे हे स्केलच अपुरं पडतं, ते एका औषधासाठी बनवलंय, आणि इथे दोषी कुठलंही एक औषध नाहीच, दोघांची गाठ पडली हा दोष आहे. इंटरॲक्शनसाठी, म्हणजे औषधांच्या अशा गाठीसाठी, वेगळं स्केल असतं पण आपल्याकडे फॉर्म भरताना बहुतेक वेळा नारांजोच पुढे येतं.

गाठ पडल्यावर नेमकं काय होतं? पक्कं उत्तर नाही. प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशींवर काम झालंय, त्यात दोन्ही एकत्र दिल्यावर पेशीतली कॅल्शियमची ये-जा बिघडलेली दिसली, आणि ठोका पडतो तो त्याच ये-जावर. एकटं सोफोसबुविर दिलं तर हे होत नाही, लाखो लोकांनी घेतलंय.

सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अमिओडारोनच्या मुक्कामाची. ही गोळी चरबीत, लिव्हरमध्ये, फुफ्फुसात मुरून बसते. हाफ लाइफ, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सरासरी ५८ दिवस, कुणात १५ तर कुणात १४२. म्हणजे काकांची शनि-रविची सुट्टी ही गोळीच्या वेळापत्रकातली सुट्टी, अंगातलं औषध त्या दोन दिवसांत कुठेही जात नाही. आणि म्हणूनच "गेल्या आठवड्यातच बंद केली" म्हणणारा पेशंटसुद्धा घेणाऱ्यातच धरायचा, काही महिने तरी. मी आता माझ्या काउंटरवर प्रश्न बदललाय, कुठली गोळी चालू आहे असं विचारत नाही, गेल्या सहा महिन्यांत हार्टसाठी काय काय घेतलं, अर्धी-पाव-आठवड्यातून एकदा, सगळं सांगा, असं विचारतो. लोक वैतागतात, वैतागू देत.

इथे थोडं विषयांतर, पण गरजेचं. अँटिव्हायरल म्हणजे हार्टला धोका असं सरसकट काही नसतं, प्रत्येकाची खोड वेगळी. रेमडेसिविर आपल्या सगळ्यांना कोविडमुळे माहीत, त्याने काही जणांचे ठोके मंद होतात आणि बहुतेक वेळा बंद केल्यावर जाग्यावर येतात. एचआयव्हीच्या गोळ्यांपैकी अटाझानाविर आणि लोपिनाविर-रिटोनाविर ईसीजीतला पीआर (ठोक्याचा संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायचा वेळ) लांबवू शकतात. फॉस्कारनेट कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम बिघडवतं आणि त्यातून रिदम बिघडतो, तिथे ईसीजीइतकंच लक्ष रक्ताच्या रिपोर्टवर हवं. रिटोनाविरचा प्रश्न तर आणखी वेगळा, ते लिव्हरचं औषध पचवणारं एन्झाइमच अडवून धरतं आणि सोबतच्या अमिओडारोनसारख्या औषधांची पातळी वाढते. म्हणून सगळ्यांना सरसकट दर आठवड्याला ईसीजी हे मला पटत नाही. साध्या नागिणीसाठी अ‍ॅसायक्लोविर घेणाऱ्या धडधाकट माणसाचा ईसीजी काढून काय मिळणार? कुठल्या गोळीत काय बघायचं हे पहिल्या डोसच्या आधी ठरलं पाहिजे, नंतर ठरवलेलं मॉनिटरिंग म्हणजे वरातीमागून घोडं.

रिपोर्टिंगचं सांगतो कारण ते लोकांना कटकटीचं वाटतं. आपल्याकडे औषधांचे दुष्परिणाम नोंदवून घेणारा फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया २०१० पासून आहे, कारभार गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट कुणीही फॉर्म भरू शकतो, पेशंटसाठी वेगळा साधा फॉर्म आहे, तो मराठीतही मिळतो, आणि १८०० १८० ३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. काकांचा रिपोर्ट "गंभीर" मध्ये गेला, कारण ॲडमिट करावं लागलं. संशयित औषधात सोफोसबुविर आणि अमिओडारोन दोन्ही लिहिली, सोबतच्या औषधांत मेटोप्रोलॉल आणि एसिट्रॉम. काकांच्या मुलाला वाटलं ही कुणाविरुद्ध तक्रार आहे, आपल्याला फुकट गोळ्या देणारे चिडतील. तसं काही नसतं, त्यात कुणाची चूक शोधत नाहीत, पेशंटचं नाव बाहेर जात नाही, आणि २०१५ चा तो इशारा असल्याच रिपोर्टांवर उभा होता.

काकी मात्र ठाम, त्या डब्या घरात नकोत. समजण्यासारखं आहे. पण व्हायरस तर अंगात होताच, आणि लिव्हर चांगलं असल्यामुळे घाईही नव्हती, ही या केसमधली नशिबाची बाजू. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी या वेळी एकमेकांना फोन करून ठरवलं, अमिओडारोन कायमची बंद, मेटोप्रोलॉल २५ वर, काही महिने थांबायचं आणि मग जानेवारीत परत सुरुवात, पण ॲडमिट करून. अमिओडारोन थांबवून चार महिने झाले होते तरी ४८ तास मॉनिटर लावलाच. काही लोकांना हे जास्तीचं वाटेल, मला नाही वाटत, १४२ दिवसांचा आकडा डोळ्यांपुढे ठेवा.

घरी आल्यावर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नाडी. मशीनवर विसंबायचं नाही असं सांगितलेलं, कारण ठोके अनियमित झाले तर प्रेशरचं मशीन नाडी चुकीची दाखवू शकतं, मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. काकी शिकल्या, कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी दोन आकडे लिहायच्या. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी घालून दिलेला नियम, ५० च्या खाली गेली तर फोन, ४५ च्या खाली किंवा चक्कर, अंधारी, छातीत दुखणं, दम यातलं काहीही असेल तर आकडा न बघता सरळ १०८. सगळ्यात कमी ५४ लिहिलेली आहे, तीही पहाटेची.

म्हणजे तेच सोफोसबुविर, तेच डॅक्लाटासविर, तोच माणूस, फक्त अमिओडारोन नाही आणि मेटोप्रोलॉल अर्धं, आणि काही झालं नाही. मेटोप्रोलॉलही कमी केल्यामुळे हा शुद्ध पुरावा नाही म्हणा, पण जोडीवरचा माझा संशय याने आणखी घट्ट झाला. फॉलोअप म्हणून हेही त्या रिपोर्टला जोडलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या फारशी ध्यानात नव्हती, आयएनआर. आठव्या आठवड्यात तो २.६ वरून १.७ वर आला. नाडी मोजण्यात सगळे एवढे गुंतलेले की एसिट्रॉमकडे दुर्लक्ष झालं असतं, महिन्याची तपासणी ठरलेली होती म्हणून सापडलं. कारणं दोन, आणि दोन्ही एकाच दिशेने ओढणारी. अमिओडारोन एसिट्रॉमचा जोर वाढवते, ती अंगातून हळूहळू निघून गेली तसा तो जोर ओसरला. आणि व्हायरस गेल्यावर लिव्हर सुधारतं, रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लागतं, त्यामुळेही आयएनआर खाली येतो. एट्रियल फिब्रिलेशनच्या पेशंटचा आयएनआर १.७ म्हणजे स्ट्रोकला आमंत्रण. डोस वाढवला, पुढचा महिनाभर दर आठवड्याला तपासणी, मग २.४ वर स्थिर.

बारा आठवड्यांचा कोर्स एप्रिलमध्ये पुरा झाला, त्यानंतर बारा आठवड्यांनी, जुलैत आरएनए केला, निगेटिव्ह. हर्नियाचं ऑपरेशन त्यानंतर झालं. एट्रियल फिब्रिलेशन मध्ये एकदा उलटलं होतं, अमिओडारोन नसल्यामुळे ते होणार याची कल्पना होतीच, मेटोप्रोलॉल पुन्हा ५० केल्यावर सध्या ताब्यात आहे. कार्डिओलॉजिस्टने ॲब्लेशनचं (हृदयातली बिघडलेली जागा नळीतून जाऊन निकामी करणं) सुचवलंय, काका म्हणतात सुपारीचा हंगाम होऊ दे. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने अमिओडारोन सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख लिहून ठेवलीय, आणि तिचा फोटो मुलाच्या, काकींच्या आणि माझ्या मोबाईलमध्ये आहे.